दांडी उंच की कोबा टणक

हेडबाई लंगडत होत्या. एरवी सकाळी परसात दाणे पडले की त्या सगळ्यांच्या आधी यायच्या, मान ताठ, नजर सरळ, मागच्यांची फिकीर नाही. आज त्या सगळ्यांच्या मागून आल्या. डावा पाय टेकायचा की नाही याचा प्रत्येक पावलाला नव्यानं विचार करत होत्या.

हेडबाई ही कोंबडी होती. नाव सुनेनं ठेवलेलं. सून लहान मुलांच्या शाळेत शिकवायची आणि तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका व्हरांड्यातून अगदी अशाच चालतात, असं तिचं म्हणणं होतं. बाकीच्या तिघींना कबरी, तांबडी आणि काळी अशी साधी नावं मिळाली होती, कारण त्यांच्यात तसा रुबाब नव्हता.

"बाबा, जरा बाहेर येता का?" सुनेनं हाक मारली.

गवंडीबुवा चहाचा कप घेऊनच आले. सुनेनं हेडबाईंना उचलून काखेत धरलं आणि पाय उलटा करून दाखवला. तळव्याला सूज होती आणि मधोमध काळी खपली.

"काहीतरी टोचलं असेल," गवंडीबुवा म्हणाले.

"तांबडीलाही तसंच आहे. कबरीला सुरुवात होतेय. सगळ्यांनाच कसं टोचेल?"

गवंडीबुवांनी चहाचा घोट घेतला. घोट घेतला की उत्तर द्यायला थोडा वेळ मिळतो. सुनेनं घोट संपेपर्यंत वाट बघितली. शाळेत तिला याची सवय होती.

"हे बघा बाबा," ती म्हणाली, "मागची खोली तुम्ही आणि आप्पांनी करायची, असं माझ्या मनात आहे. पण ह्यांचं म्हणणं, बाहेरचा कंत्राटदार बघू. मी तुमची बाजू घेते, तर ते मला खुराडं दाखवतात. म्हणतात, चार कोंबड्यांना धड जागा करता आली नाही, तिथं माणसांना काय करणार."

"असं म्हणाला तो?"

"हसत म्हणाले. पण म्हणाले. तेव्हा आधी ह्या कोंबड्यांच्या पायाला काय होतंय ते शोधा. खोलीचं मग बघू."

त्या घरात निर्णय मुलगा जाहीर करायचा आणि सून घ्यायची, हे गवंडीबुवांना ठाऊक होतं. त्यामुळे चहा एकदम कडू लागला.

जन्मभर त्यांनी लोकांच्या पायाखालच्या जमिनी केल्या होत्या. भिंती कुणीही उभ्या करतो, असं ते म्हणायचे, जमीन करणारा वेगळा. पाणी ओतलं की ते विचार न करता मोरीकडे निघालं पाहिजे. गुडघे बोलायला लागले तसं मुलानं काम सोडायला लावलं. तेव्हापासून परसातली मागची मोकळी जागा बघत ते रोज संध्याकाळी बसायचे. तिथं खोली होणार होती, आणि तिची जमीन आपल्याच हातची व्हावी, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. तालीम म्हणून त्यांनी खुराड्याचा कोबा केला होता. इतका पक्का, की वरून ट्रक नेला तरी तडा जाऊ नये. कोंबड्यांकडे ट्रक नव्हता, ही गोष्ट तेव्हा कुणी काढली नाही.

खुराड्याचं बाकी सगळं काम सुतारबुवांचं. सुतारबुवा म्हणजे सुनेचे वडील, तिचे आप्पा, गवंडीबुवांचे व्याही. दोघांनी कितीतरी घरं एकत्र बांधली होती. मुलांचं लग्नही एका अर्धवट घराच्या वाळूच्या ढिगावर बसूनच ठरलं. सुतारबुवांची बायको गेल्यापासून ते मागच्या गल्लीत एकटेच राहत. एकटे म्हणजे झोपायला तेवढे. सकाळी चहाला जे यायचे, ते रात्री जेवूनच जायचे.

त्या दिवशी ते आले तेव्हा गवंडीबुवा खुराड्यासमोर उभे होते.

"व्याही, दांडी जरा उंच झाली का हो?" गवंडीबुवांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

रात्री कोंबड्या जिच्यावर बसून झोपतात ती ही दांडी. सुतारबुवांनी ती स्वतःच्या छातीएवढ्या उंचीवर बसवली होती.

"कोंबडीला उंचावर आवडतं," सुतारबुवा म्हणाले. "झाडावर झोपणारी जात आहे ती. तुमचा कोबा खरबरीत आहे, ते बघा. किसणीसारखा."

"घसरू नये म्हणून ठेवलाय तो तसा."

"मग पाय सोलून निघतातच की. घसरत नाहीत, सोलतात."

मुद्दा तिथं संपला नाही. गवंडीबुवांनी घरातून एक लोहचुंबक आणलं. दोरी बांधून ते परसभर ओढत फिरले. शेवटी न्हाणीच्या भिंतीपाशी एक वाकडा खिळा सापडला. तो त्यांनी चहाच्या बशीत आणून ठेवला.

"तुमचा खिळा," ते म्हणाले.

सुतारबुवांनी चष्मा लावून खिळा बघितला. "माझा खिळा असा वाकत नाही. हा हातोडी धरता न येणाऱ्या माणसानं ठोकलाय. जावईबापूंनी कपड्याची दोरी बांधली होती ना, तेव्हाचा." मग ते स्वतः बाहेर गेले, बराच वेळ वाकून फिरले आणि अणकुचीदार खडीचा एक तुकडा आणून त्याच बशीत ठेवला. "ही मात्र तुमची."

"खडी सगळ्या जगात असते."

"खिळेही असतात."

"माझ्या बशीत दोन्ही नको," गवंडीबुवांची बायको म्हणाली आणि दोन्ही पुरावे खिडकीतून बाहेर टाकले. ते परसातच पडले. मग दोघे म्हातारे पुन्हा ते शोधत फिरले, या खेपेला कोंबड्यांच्या पायात जाऊ नयेत म्हणून.

तोंडानं काहीही म्हणोत, गवंडीबुवांच्या मनात किसणी हा शब्द रुतून बसला होता. दुपारी त्यांनी एकटंच खुराड्यात हात घालून कोब्यावरून तळवा फिरवला. खरंच खरखरीत होता. आता व्याही म्हणतो म्हणून दुरुस्त करायचा, तर चूक कबूल केल्यासारखं. न करावा, तर कोंबड्या लंगडणार आणि खोली हातची जाणार. यातून एकच वाट होती. कुणाच्या नकळत करायचं.

"अगं," दुसऱ्या दिवशी सकाळी ते बायकोला हळूच म्हणाले, "तुला ते स्टूल घ्यायचं होतं ना? व्याह्यांना घेऊन जा. लाकडातलं त्यांना कळतं."

"मला कुठं स्टूल घ्यायचं होतं?"

"आता घ्यायचं आहे."

बायकोनं त्यांच्याकडे नीट बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला आपण होऊन बाजारात पाठवल्याचं तिला आठवत नव्हतं. पण व्याह्यांना जरा हवापालट होईल, म्हणून ती गेली.

ती दोघं वळणाआड जायची खोटी, गवंडीबुवांनी थापी काढली. पटकन धरणारं सिमेंट कालवलं, खुराड्यात अर्धे शिरले आणि कोबा घोटायला लागले. हात चालायला लागल्यावर त्यांना भान राहिलं नाही. थोडा गुळगुळीत करायचा होता, तो त्यांनी आरसा केला. बाहेर आले तेव्हा कंबर धरलेली होती, पण कोब्यात खुराड्याचं छप्पर दिसत होतं आणि छपराखाली त्यांचा स्वतःचा खूश चेहरा.

बाजारातून मंडळी स्टूल न घेताच परतली, कारण दुकानातल्या प्रत्येक स्टुलाचा पाय सुतारबुवांनी हलवून दाखवला होता. आल्या आल्या त्यांनी बाहेरूनच हात घालून खुराड्यातली दांडी काढली.

"वाळवी लागली की काय बघतो," असं पुटपुटत ती बगलेत मारून ते घरी गेले. संध्याकाळी आणून बसवली. गवंडीबुवांचं तेव्हा कंबर शेकणं चालू होतं. वाळवीचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही.

पुढची सकाळ त्या घरात बरेच दिवस आठवणीत राहिली.

सूर्य उगवला, तशा हेडबाई जाग्या झाल्या. जाग्या झाल्या आणि दांडीवर उभं राहायला गेल्या. दांडी काल संध्याकाळपर्यंत चौकोनी होती, कडेला नखं धरता येत होती. आता ती गोल होती, रंधा मारून, कागदानं घासून, वर पॉलिश दिलेली. हेडबाईंचे पाय पुढे गेले आणि बाई मागे. पंख फडफडवत त्या खाली आल्या, कोब्यावर टेकल्या आणि टेकल्या तशाच घसरत समोरच्या भिंतीपर्यंत गेल्या. मागोमाग तांबडी आली. मग कबरी. तिघी भिंतीपाशी एका रांगेत बसल्या. काळी वरच बसून राहिली. तिनं खालची परिस्थिती पाहिली होती.

कबरीला मग कोब्यात दुसरी कबरी दिसली. तिनं तिला चोच मारली. दुसरीनंही तिला मारली.

सून खिडकीतून बघत होती. गवंडीबुवा तिच्या मागे उभे होते. सुतारबुवा नुकतेच चहाला येत होते, ते फाटकातच थबकले.

"बाबा, कोबा चमकतोय," सून म्हणाली.

"दांडीही चमकतेय," गवंडीबुवा म्हणाले.

"दव पडलं असेल," सुतारबुवा फाटकातून म्हणाले.

दोघा व्याह्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांच्याही लक्षात आलं, की समोरच्याचं बिंग फोडायचं तर आपलंही फुटणार. दोघे मुकाट चहा प्यायला बसले. इतका शांत चहा त्या घरात पूर्वी कधी झाला नव्हता.

शेवटी काळीही खाली उतरली, आणि आता चारही कोंबड्या लंगडत होत्या. सुनेनं शाळेत निरोप पाठवून उशीर होईल म्हणून कळवलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. बाई तरुण होत्या, हातमोजे घालून आल्या, आणि कोंबडीला अशा सराईतपणे उताणी केलं की हेडबाईंनाही विरोध करायचं सुचलं नाही.

"टोचलेलं नाहीये हे," त्या एकेक तळवा बघत म्हणाल्या. "काट्याची जखम अशी नसते. हे मार लागून झालंय. एकदा नाही, रोज रोज. आपल्याला कुरूप होतं ना, तसं सुरू होतं, मग आत पू धरतो. कोंबड्या झोपतात कुठं?"

सगळी वरात खुराड्यापाशी गेली. बाईंनी दांडी बघितली, मग कोबा बघितला, मग पुन्हा दांडी. काळीला उचलून दांडीवर ठेवलं आणि समोर चार दाणे टाकले. काळीनं बराच विचार केला, पण दाणे शेवटी दाणे. तिनं उडी मारली. धप्प असा आवाज झाला.

"हा आवाज ऐकलात?" बाई म्हणाल्या. "एवढ्या जड कोंबडीनं इतक्या उंचावरून, इतक्या टणक जमिनीवर, रोज सकाळी उडी मारायची. तळवा फुटणारच. दांडी खाली असती तर हा कोबा चालला असता. खाली माती असती तर ही दांडीही एकवेळ चालली असती. दोन्ही मिळून झालंय हे. आणि हा गुळगुळीतपणा कशासाठी?"

"दव," सून म्हणाली.

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी मलम दिलं, रोज संध्याकाळी कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून ठेवायला सांगितलं, आणि जाता जाता विचारलं, "बांधलंय कुणी हे?"

"वरचं ह्यांनी," गवंडीबुवा म्हणाले.

"खालचं ह्यांनी," सुतारबुवा म्हणाले.

बाई गेल्या आणि दोघांनी त्यांचं बोलणं अर्धं अर्धं वाटून घेतलं.

"ऐकलंत ना? दांडी खाली असती तर कोबा चालला असता म्हणाल्या. म्हणजे कोब्यात खोट नाही."

"आणि खाली माती असती तर दांडी चालली असती, हे नाही ऐकलंत?"

"एकवेळ म्हणाल्या त्या. एकवेळ चालली असती. एकवेळ म्हणजे काय ते कळतं ना?"

"तुम्हाला माणसांची जमीन करता येते हो, पण कोंबडीला जीव असतो."

"आणि तुम्ही तिला शिडी न देता माळ्यावर झोपवता."

सुनेनं खुराड्यात वाळक्या पानांचा आणि भुशाचा जाड थर पसरला, नवऱ्याकडून दांडी गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवून तिच्यावर जुनं तरटाचं कापड गुंडाळून घेतलं, आणि शाळेत निघून गेली. म्हणजे खरं तर प्रश्न सुटला होता. कारण सापडलं होतं आणि उपायही झाला होता. फक्त दोघा कारागिरांचं काय करायचं, ते बाकी होतं.

संध्याकाळी परसात दोन घमेली मांडली होती. एकासमोर गवंडीबुवा, दुसऱ्यासमोर सुतारबुवा. दोघांच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली एकेक कोंबडी, आणि कोंबडीचे पाय कोमट पाण्यात. हेडबाई गवंडीबुवांकडे होत्या. त्यांनी डोळे अर्धे मिटून घेतले होते. पाण्यात पाय बुडाल्यापासून त्यांना कशाचीच तक्रार उरली नव्हती. तक्रारी सगळ्या टॉवेलाच्या वरच्या बाजूला चालू होत्या.

"खोलीची जमीन मी करणार," गवंडीबुवा म्हणत होते, "पण दाराला हात लावायला दुसरा माणूस बघावा म्हणतो. काय नेम, दार छपरात बसवतील."

"बसवीन. तुमचा कोबा बघितला की माणूस छपरातूनच आत येईल."

सून दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही. वर्गात ती चढवत नसे, तरी शेवटच्या बाकापर्यंत जायचा.

"दिवसभर मी एवढंच ऐकते. बाई, ह्यानं माझी पेन्सिल मोडली. बाई, ह्यानं मला ढकललं. दुसऱ्याची चूक सगळ्यांना सांगता येते. खोलीचं काम मी त्याला देणार, जो स्वतःची चूक सांगेल."

गवंडीबुवांनी घसा खाकरला. "तसं म्हटलं तर," ते म्हणाले, "कोबा मीच जास्त टणक केला. कोंबड्यांना मातीच हवी होती."

सुतारबुवांनी मान वर केली. व्याही पुढे निघाले, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. "माती असती तरी काय उपयोग?" ते घाईनं म्हणाले. "दांडी मी नको इतकी उंच बसवली. छातीएवढी. कोंबडीला छाती केवढी, माझी केवढी. मूळ चूक माझी."

"मूळ चूक जमिनीची. उंचावरून माणूस गादीवर पडला तर काही होत नाही."

"पण पाडलं कुणी? मी. वर पॉलिश करून."

"मी घोटला की चोरून. तुम्ही बाजारात असताना."

"मला काय चोरून करता येत नाही? वाळवीबिळवी काही नव्हती."

"मी तर कोब्याचा ढाळही चुकवलाय," गवंडीबुवांनी ठोकून दिलं. ढाळ त्यांनी जन्मात कधी चुकवला नव्हता, पण आता माघार शक्य नव्हती. "पाणी जायला हवं बाहेर, जातं आत. हात गेला माझा. नजरही गेली."

"माझी बिजागरी उलटी आहे."

"माझं सिमेंट शिळं होतं."

"मला सांधा जुळवता येईनासा झालाय," सुतारबुवा म्हणाले, आणि हे बोलताना त्यांच्या मांडीवरच्या तांबडीलासुद्धा धक्का बसला असावा, कारण तिनं पाय पाण्यातून बाहेर काढला.

सुनेनं दोघांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. गालातल्या गालात हसली असेल तर ते कुणाला दिसलं नाही.

"असं आहे का?" ती म्हणाली. "मला वाटलं होतं एकेक चूक असेल. एकाचा हात गेलाय, नजर गेलीय. दुसऱ्याला सांधा जुळत नाही. मग ह्यांचंच बरोबर. कंत्राटदाराला बोलावते."

ती आत गेली. दोघे व्याही एकमेकांकडे बघत राहिले. हेडबाईंनी तेवढ्यात डोळे पूर्ण मिटले.

कंत्राटदार आला तो मधला एक दिवस गेल्यावर. जाडजूड, बोलका माणूस. मापाची फीत उघडत, मिटत परसात फिरला. गवंडीबुवा पायरीवर बसून होते, सुतारबुवा त्यांच्या शेजारी. त्या दिवशी सकाळपासून दोघांत एकही वाद झाला नव्हता. वाद घालायलासुद्धा माणसाला काहीतरी आशा लागते.

कंत्राटदार फिरत फिरत खुराड्यापाशी आला. दार उघडलं, बंद केलं. पुन्हा उघडलं. मग वाकून बिजागरीवरून बोट फिरवलं.

"वा," तो म्हणाला. "काय दार बसवलंय. केसही जायचा नाही मधून."

सुतारबुवांनी खाली मान घातली.

मग त्यानं पायानं पानांचा थर बाजूला केला आणि तिथंच उकिडवा बसला. "अहो ताई, हे काय दाबून ठेवलंय तुम्ही? असा कोबा घोटणारी माणसं राहिली नाहीत आता. आणि ढाळ बघा. पाणी कुठं थांबायचं नाव घेणार नाही. कुणाचं काम हे?"

गवंडीबुवांनी ओठ उघडले आणि मिटले. परवा आपल्याच तोंडानं आपला हात गेला म्हणून सांगितलेलं. त्यांना नुसतं हो म्हणायचं होतं.

"होते दोघं," सून म्हणाली. "त्यांना आता काही येत नाही, असं तेच म्हणतात."

"काम सोन्यासारखं आहे," कंत्राटदार उठत म्हणाला. "पण कोंबड्यांना हे कशाला? दोघांनी आपापलं सगळं येत होतं ते करून ठेवलंय. आत राहणार कोण, हे कुणी विचारलेलं दिसत नाही." मग त्यानं फीत मिटली. "बरं, ते मलाही विचारायचं राहिलंच. खोली कुणासाठी आहे? तसं बघून करू."

सुनेनं दारात उभ्या असलेल्या सासूकडे बघितलं. सासूनं डोळ्यांनीच सांगितलं, की सांगून टाक आता.

"आप्पांसाठी," ती म्हणाली. "त्यांनी इथंच राहायला यावं, असं आम्ही ठरवलंय. सांगायचं होतं खोली झाल्यावर. आधी सांगितलं असतं तर आले नसते."

सुतारबुवा पायरीवरून अर्धे उठले आणि पुन्हा बसले. काहीतरी म्हणायचं म्हणून "मला कशाला खोली" असं काहीसं म्हणाले, पण त्याचा शेवट नीट झाला नाही. गवंडीबुवा त्यांच्याकडे बघत राहिले. इतके दिवस आपण ज्या जमिनीची स्वप्नं बघत होतो, तिच्यावरून कोण चालणार, हे त्यांनी एकदाही मनात आणलं नव्हतं. डोळ्यासमोर यायची ती नुसती जमीन. मोकळी, चकचकीत, पाणी ओतलेली. तिच्यावर पाऊल कधीच नसायचं.

ते उठले. गुडघ्यावर हात टेकत कंत्राटदारापर्यंत गेले.

"तुम्हाला उगाच त्रास दिला," ते म्हणाले. "हे काम आमचंच आहे. कोबा माझा, दार ह्यांचं."

कंत्राटदारानं दोघांना आपादमस्तक न्याहाळलं आणि सुनेकडे वळला. "ह्यांना काही येत नाही म्हणालात ना?"

"विचारायचं तेवढं येत नव्हतं," सून म्हणाली. "चहा घेणार ना तुम्ही?"

चहा झाला, कंत्राटदार गेला. सून आत गेली. गवंडीबुवा पुन्हा पायरीवर येऊन बसले. बराच वेळ त्यांनी मागच्या मोकळ्या जागेकडे बघितलं, मग शेजारी बघितलं. सुतारबुवा चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता.

"व्याही," गवंडीबुवा म्हणाले, "सकाळी उठल्यावर तुमचा कुठला पाय दुखतो?"

"उजवा. का?"

"आणि गार जमीन?"

"सोसत नाही. टाचेत कळ येते." सुतारबुवांनी चष्मा लावला. इकडेतिकडे बघत, कुणी ऐकत नाही असं पाहून हळूच म्हणाले, "आणि दाराला उंबरा नको. अडखळतो मी हल्ली. घरी दोनदा पडलो. पोरीला बोलू नका."

ज्या माणसानं गावभरच्या दारांना उंबरे बसवले, तो स्वतःच्या दाराला उंबरा नको म्हणत होता. दुसऱ्या एखाद्या दिवशी गवंडीबुवांनी यावर आठवडाभर चेष्टा केली असती.

"नको तर नको," ते म्हणाले. "आणखी काय नको?"

विचारायला नको होतं. सुतारबुवा सांगायला लागले ते दिवेलागण झाली, आतून जेवायची हाक आली, तरी थांबले नाहीत.